जुन्या ‘कॉम्पेन्सेशन चार्ज’च्या पावत्या आणि शिल्लक निधीवरचा हक्क

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडच्या मिडलंड्स भागात एका मराठी जोडप्याने शंभर वर्षांहून जुना पब इमारतीसकट विकत घेतला. वकिलाकडून आलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात १९२० आणि १९३० च्या दशकांतल्या काही पावत्या निघाल्या. प्रत्येकीवर लायसन्स ड्युटीच्या खाली ‘कॉम्पेन्सेशन चार्ज’ म्हणून वेगळी रक्कम आहे. चौकशी केल्यावर कळलं, की बंद केल्या जाणाऱ्या पबना भरपाई देण्यासाठी हा पैसा चालू पबकडून घेतला जात असे. आता त्यांचं विचारणं असं: निधी पूर्ण वापरला गेला नसेल, तर उरलेल्या पैशावर आजच्या मालकाचा हक्क लागतो का? आणि असा पैसा परत द्यायचाच झाला, तर तो इमारतीच्या मालकाला द्यायचा की पब चालवणाऱ्या भाडेकरूला?

मी सत्तावीस वर्षं इंग्लंडमध्ये लायसन्सिंगचं वकिली काम करतो आहे. त्यातली पहिली काही वर्षं १९६४ च्या जुन्या लायसन्सिंग कायद्याखाली गेली, त्यामुळे असे कागद हाताळले आहेत.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहणार नाही. या पावत्यांच्या जोरावर तुम्हाला पैसे मिळणार नाहीत. आज इंग्लंड आणि वेल्समध्ये दारूची लायसन्सं २००३ च्या कायद्यावर चालतात. तो २४ नोव्हेंबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला, लायसन्स देण्याचं काम मॅजिस्ट्रेटांकडून कौन्सिलकडे गेलं आणि १९६४ चा कायदा रद्द झाला. नव्या कायद्यात भरपाई निधी हा प्रकारच नाही. शिवाय ते पैसे तुम्ही भरलेले नाहीत. इमारत विकत घेतली म्हणजे आधीच्या मालकाची जुनी येणी तिच्यासोबत आपोआप येत नाहीत, त्यासाठी वेगळं लेखी हस्तांतर करावं लागतं. आणि एखाद्या कायद्यामुळे मिळायची रक्कम मागायला १९८० च्या मुदत कायद्यात सर्वसाधारणपणे सहा वर्षांची मर्यादा आहे. तेव्हा ‘तुमचे पैसे काढून देतो’ म्हणत कुणी फी मागत असेल, तर एक पौंडही देऊ नका.

तुमचा दुसरा प्रश्न मात्र फार मोलाचा आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्या हातातल्या पावतीवर मिळणार नाही. पावतीवर ज्याचं नाव आहे तो आणि ज्याच्या खिशातून पैसा गेला तो, हे दोघे बहुतेक वेळा वेगळे असत. शिल्लक रकमेच्या वाटपाचा सगळा गुंता तिथेच आहे. तो सोडवायचा तर हा निधी मुळात का उभा राहिला, ते पाहावं लागतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये पब फार झाले, अशी तक्रार सगळीकडे होती. गावोगावचे मॅजिस्ट्रेट दरवर्षी लायसन्सचं नूतनीकरण करत. पण वागणूक चांगली, इमारत चांगली, तरी ‘या भागात इतके पब नकोत’ एवढ्या कारणावर नूतनीकरण नाकारता येतं का, यावर वाद होता. तो वाद १८९१ मध्ये शार्प विरुद्ध वेकफील्ड या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, मिटवला. पब होता वेस्टमोरलंडमधल्या केंटमिअर या डोंगरी खेड्यातला, नाव लो ब्रिज इन. पोलिसांची नजर पोचणार नाही इतका दूर आणि आसपासच्या वस्तीला गरज नाही, म्हणून मॅजिस्ट्रेटांनी नूतनीकरण नाकारलं होतं. लॉर्ड्सनी सांगितलं, की लायसन्स एका वर्षाचं असतं आणि नूतनीकरणाच्या वेळीही मॅजिस्ट्रेटांना नव्या अर्जाइतकाच पूर्ण विवेकाधिकार आहे.

हा निकाल आला तेव्हा ब्रुअरी कंपन्यांनी शेअर बाजारातून पैसा उभारून हजारो पब विकत घेतलेले होते. पबची किंमत दगड-विटांची नसते, लायसन्सची असते. एका सकाळी चार मॅजिस्ट्रेट बसून ती किंमत शून्यावर आणू शकतात, हे कळल्यावर ट्रेडच्या, म्हणजे दारूधंद्यातल्या लोकांच्या, पोटात गोळा आला. १९०२ मध्ये सरे परगण्यातल्या फार्नहॅमच्या मॅजिस्ट्रेटांनी एका दमात अनेक पबचं नूतनीकरण नाकारलं, तेव्हा ही भीती कागदावरची नाही हे सगळ्यांना दिसलं.

इथे थोडं मागे जातो, कारण ‘भरपाईचा उरलेला पैसा कुणाचा’ हा प्रश्न, तुमच्या पावत्यांमागचा कायदा १९०४ मध्ये झाला त्याच्याही आधी, एकदा उभा राहिला होता. १८९० मध्ये अर्थमंत्री गोशेन यांनी बिअर आणि स्पिरिटवर जादा कर बसवला आणि त्यातला काही भाग पबची लायसन्सं विकत घेऊन रद्द करण्यासाठी वापरायचं ठरवलं. दारूबंदीवाल्यांनी रान उठवलं. लायसन्स ही मालमत्ता नाही, तिची भरपाई कसली, असं त्यांचं म्हणणं. योजना मागे घ्यावी लागली, पण कर तर बसलेला होता. मग तो पैसा काउंटी कौन्सिलांकडे वळवला गेला आणि बऱ्याच अंशी तंत्रशिक्षणावर खर्च झाला. लोक त्याला ‘व्हिस्की मनी’ म्हणत. इंग्लंडमधल्या कितीतरी तंत्रशाळांचे वर्ग या पैशावर सुरू झाले. पबवाल्यांसाठी काढून ठेवलेला आणि न वापरलेला पहिला पैसा पबवाल्यांकडे गेलाच नाही, हे लक्षात ठेवा.

१९०४ मध्ये पंतप्रधान बाल्फर यांच्या सरकारने कायदा केला, त्यात सरकारी तिजोरीला हात न लावण्याची युक्ती होती. भरपाई द्यायची, पण ट्रेडच्याच पैशातून. १५ ऑगस्ट १९०४ रोजी जे ऑन-लायसन्स चालू होतं, म्हणजे जागेवर बसून पिण्याचं, ते ‘जुनं लायसन्स’ धरलं गेलं. अशा पबचं नूतनीकरण गैरवर्तन, इमारतीतला दोष किंवा चालकाची अपात्रता सोडून दुसऱ्या कारणाने नाकारायचं असेल, तर स्थानिक मॅजिस्ट्रेटांनी स्वतः निर्णय न घेता प्रकरण क्वार्टर सेशन्सकडे, म्हणजे मॅजिस्ट्रेटांच्या दर तिमाहीला भरणाऱ्या वरच्या न्यायालयाकडे, पाठवायचं. तिथे सुनावणी होई, पब ‘रिडंडंट’, म्हणजे गरजेपेक्षा जास्तीचा, ठरला तर भरपाई ठरे, आणि भरपाई हातात पडेपर्यंत पब चालू राहत असे. १९०४ नंतर लायसन्स मिळालेला पब या व्यवस्थेत नव्हताच. त्याला उलट ‘मोनोपॉली व्हॅल्यू’ म्हणून लायसन्समुळे वाढलेली किंमत सरकारला द्यावी लागे. तुमच्या पावत्यांवर कॉम्पेन्सेशन चार्ज आहे, त्याअर्थी तुमच्या पबचं लायसन्स १९०४ च्या आधीचं आहे. एवढी माहिती तरी त्या कागदांनी तुम्हाला फुकट दिली.

चार्जचा तक्ता कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात होता. पबच्या वार्षिक मूल्यावर तो ठरे. १५ पौंडांपेक्षा कमी मूल्याच्या पबला १ पौंड, ५० ते १०० पौंडांच्या पबला १५ पौंड, आणि ९०० पौंडांच्या वरच्या मोठ्या पबला १०० पौंड. ही कमाल मर्यादा होती. दरवर्षी किती टक्के आकारायचा, ते क्वार्टर सेशन्स ठरवत, मात्र पायऱ्यांचं प्रमाण तेच ठेवावं लागे. वसुली कर खातं (आधी इनलँड रेव्हेन्यू, १९०९ पासून कस्टम्स अँड एक्साइज) लायसन्स ड्युटीबरोबर करत असे, म्हणून तुमच्या पावतीवर दोन्ही रकमा एकाखाली एक दिसतात. जमा झालेला पैसा त्या त्या भागाच्या क्वार्टर सेशन्सच्या वेगळ्या खात्यात जाई. त्याच खात्याला कायदा भरपाई निधी म्हणतो. देशभराचा एकच निधी कधी नव्हता. एका काउंटीत तळ दिसत असेल आणि शेजारच्या शहरात हजारो पौंड पडून असतील, असं होऊ शकत होतं.

आता मुख्य मुद्दा. कर खात्याच्या खिडकीवर पैसे भरायला जायचा तो लायसन्सधारक, म्हणजे पब चालवणारा. पण कायद्याने त्याला एक हक्क दिला होता. भरलेल्या चार्जचा ठरावीक हिस्सा त्याने घरमालकाच्या भाड्यातून कापून घ्यायचा. किती कापायचा, ते त्याच्या भाडेपट्ट्याची किती मुदत शिल्लक आहे त्यावर अवलंबून. वर्षभर किंवा त्याहून कमी मुदत असेल तर पूर्ण शंभर टक्के. मुदत जसजशी लांब, तसतशी वजावट कमी होत जाई, आणि पन्नास-पंचावन्न वर्षांच्या भाडेपट्ट्यावर ती नाममात्र उरत असे. त्या घरमालकाने स्वतः जागा दुसऱ्याकडून भाड्याने घेतली असेल, तर तोही त्याच हिशेबाने वरच्या मालकाच्या भाड्यातून कापून घेई. यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की ‘कराराने काहीही ठरलं असलं तरी’ हा हक्क शाबूत राहील, असं कायद्याने लिहून ठेवलं. ब्रुअरीने भाडेकरूकडून ‘मी कापणार नाही’ असं लिहून घेतलं, तरी ते निरुपयोगी.

यामागचा विचार मला फार सरळ आणि न्याय्य वाटतो. लायसन्स टिकल्याचा फायदा ज्याला जितकी वर्षं मिळणार, त्याने तितका भार उचलायचा. वर्षाच्या करारावर बसलेल्या माणसाचं त्या लायसन्समध्ये भविष्य नाही, ते मालकाचं आहे. चाळीस वर्षांचा पट्टा असलेला भाडेकरू मात्र जवळजवळ मालकच.

त्या काळात इंग्लंडमधले बहुतेक पब ‘टाइड हाउस’ होते, म्हणजे ब्रुअरीची इमारत, ब्रुअरीचीच बिअर घ्यायचं बंधन, आणि चालक बहुधा वर्षाच्या करारावर. अशा ठिकाणी पावती चालकाच्या नावाची, पण चार्ज अखेर पूर्णपणे ब्रुअरीच्या माथी. न्यायालयांपुढेही हे आलं. स्मिथ विरुद्ध लायन ब्रुअरी या खटल्यात प्रश्न असा होता, की भाड्यातून कापला गेलेला हा चार्ज ब्रुअरीला आयकरासाठी धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येईल का. १९११ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये मतं समसमान पडली, त्यामुळे खालच्या न्यायालयाचा ब्रुअरीच्या बाजूचा निकाल कायम राहिला. पावतीवर ब्रुअरीचं नाव नसूनही खर्च तिचा धरला गेला. आणि ब्रुअरीने आयकरात तो खर्च एकदा वजा करून घेतला असेल, तर पुढे परत मिळालेली रक्कम करमुक्त राहील, असं मी कुठल्याही ब्रुअरीला सांगणार नाही.

इथे एक अनुभव सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एक वयस्क बाई माझ्याकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यांच्या सासऱ्यांनी दोन महायुद्धांच्या मधल्या काळात एक पब चालवला होता. डब्यात पावत्या होत्या, अगदी तुमच्यासारख्या, आणि एक लांबट भाडेवही. त्यांचं म्हणणं होतं, की हा पैसा आमच्या घराने भरला. मी भाडेवही उघडली. दर तिमाहीची नोंद, भाडं, आणि वर्षातून एकदा शेजारच्या रकान्यात लाल शाईने ‘वजा लेव्ही’ (लेव्ही म्हणजे हाच चार्ज) आणि पुढे पंधरा पौंड. पावतीवरही पंधराच. म्हणजे पूर्ण रक्कम मालकाकडून कापून घेतलेली. मी त्यांना तसं सांगणार, इतक्यात वहीच्या पुढच्या पानांवर तो लाल आकडा एकदम लहान झालेला दिसला, जेमतेम काही पौंडांचा. पावतीवरची रक्कम तीच, वजावट मात्र घटलेली. कारण डब्याच्या तळाशी घडी घालून ठेवलेलं होतं: सासऱ्यांनी मधल्या काळात एकवीस वर्षांचा नवा भाडेपट्टा करून घेतला होता. त्या वर्षापासून चार्जचा मोठा भाग खरोखरच त्यांच्या खिशातून जात होता. बाईंचं म्हणणं सुरुवातीच्या वर्षांसाठी चूक होतं आणि नंतरच्या वर्षांसाठी बरोबर. कायद्याने त्यांना काही मिळण्यासारखं नव्हतं, तरी त्या समाधानाने गेल्या. सासरे फसवले गेले नव्हते आणि त्यांनी आपला वाटा स्वतः उचलला होता, हे त्यांना कळलं होतं.

शिल्लक उरते कशी, हेही समजून घ्या. कायद्यातच एक झडप होती. एखाद्या वर्षी चार्ज आकारण्याची गरज नाही, असं क्वार्टर सेशन्सने गृहमंत्र्याला लेखी कळवलं, की त्या वर्षी वसुली नाही. निधी फुगायला लागला की पुढच्या वर्षी दर कमी करायचा किंवा चार्जच घ्यायचा नाही. त्यामुळे परताव्याचं कलम घालायची कुणाला गरज वाटली नाही. आणि नीट विचार केला तर चार्ज न घेणं हाही एक परतावाच आहे. शिल्लक वापरून या वर्षी पबवाल्यांचा चार्ज वाचवला, तर ज्याला जितका चार्ज पडला असता तितका त्याचा फायदा, आणि भाड्यातली वजावटही तितकीच कमी. मालक आणि भाडेकरू दोघांना आपापला वाटा हिशेब न मांडता मिळून जातो. परताव्याची याहून न्याय्य रीत मला तरी माहीत नाही.

ही झडप निकामी कधी होते? निधी वापरणंच थांबतं तेव्हा. सुरुवातीची दहा वर्षं काम जोरात होतं. या काळात इंग्लंड-वेल्समधले दहा हजारांहून अधिक पब कमी झाले. १९०८ मध्ये आस्क्विथ सरकारने भरपाईला चौदा वर्षांची मुदत घालून मग ती बंद करण्याचं विधेयक आणलं, ते संसदेचं वरचं सभागृह म्हणून लॉर्ड्सनी फेटाळलं. १९१० मध्ये कायदे एकत्र केले तेव्हा १९०४ ची तरतूद तशीच राहिली. १९५३ आणि १९६४ च्या कायद्यांनीही ती पुढे नेली. पण तोवर परिस्थिती पालटली होती. पब फार झाले ही तक्रार विरली, कितीतरी पब बॉम्बहल्ल्यांत गेले, आणि जे न चालणारे होते ते ब्रुअरीच बंद करून लायसन्स दुसऱ्या जागी नेऊ लागल्या. रिडंडंट म्हणून पब पाठवायला कुणी नाही आणि खात्यात पैसा, अशा वेळी शिल्लक परत द्यायचा प्रश्न पुढे येतो.

अशा शिल्लकीवर कायदा काय म्हणतो? कायदेशीररीत्या वसूल केलेला चार्ज केवळ खर्च झाला नाही म्हणून परत मागता येत नाही. सरकारने बेकायदा उकळलेला कर हक्काने परत मागता येतो, हे १९९२ मध्ये वुलविच बिल्डिंग सोसायटीच्या खटल्यात लॉर्ड्सनी मान्य केलं. पण १९०४ चा चार्ज बेकायदा नव्हता. मग ट्रस्टचा कायदा पाहावा, तर उद्देश संपलेल्या निधीचे निकाल दोन दिशांना जातात. कधी शिल्लक देणाऱ्यांना वर्गणीच्या प्रमाणात परत जाते, कधी बेवारस म्हणून क्राउनकडे, म्हणजे सरकारजमा, जाते. वेस्ट ससेक्स पोलिसांच्या विधवा निधीच्या खटल्यात तर एकाच निधीचे तुकडे पडले. ओळखता येण्यासारख्या देणग्या आणि मृत्युपत्रातली दानं परत गेली, आणि सभासदांची वर्गणी व सोडती-करमणुकीतून आलेला पैसा क्राउनकडे. पण हे सगळं स्वखुशीने दिलेल्या पैशाबद्दल आहे. कायद्याने उभारलेल्या निधीचा शेवटही कायद्यानेच करावा लागतो. संसदेने ‘अमुक तारखेला जो मालक असेल त्याला’ असं लिहिलं, तर तोच घेणार, त्याने एक पेनी भरलेली नसली तरी.

आणि असं लिहिणं सोयीचं असतं, म्हणूनच मला ते खटकतं. जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात मालक चटकन सापडतो. भाडेकरू बदलत राहतात, त्यांचा पत्ता लागत नाही. शिवाय ‘लायसन्स टिकलं म्हणजे इमारतीची किंमत टिकली, म्हणून मालकालाच द्या’ हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. बहुतेक टाइड हाउसपुरता तो खराही आहे, कारण भार ब्रुअरीनेच उचलला होता. पण लांब मुदतीचे भाडेपट्टे घेऊन बसलेली जी घरं होती, त्या बाईंच्या सासऱ्यांसारखी, त्यांना तो पूर्ण पुसून टाकतो. १९०४ चा कायदा करणाऱ्यांनी लहान माणसाचा विचार दोन ठिकाणी केला होता. एक, कराराने न मोडणारी वजावट. दुसरं, पब बंद होऊन भरपाई वाटताना लायसन्सधारकाला निदान वर्षाच्या भाडेकरूइतका वाटा मिळालाच पाहिजे, आणि त्याची वागणूक व त्याने किती वर्षं पब चालवला हेही पाहायचं, असं बंधन. भरपाई वाटताना भाडेकरू आठवतो आणि उरलेलं वाटताना विसरला जातो, हे मला पटत नाही.

माझ्या मते शिल्लक वाटायची तर शेवटच्या काही वर्षांच्या चार्जच्या नोंदवह्या समोर ठेवाव्यात. सुरुवातीला ज्यांनी भरलं, त्यांना मोबदला केव्हाच मिळाला. शेजारचा पब त्यांच्या पैशाने बंद झाला आणि त्याची गिऱ्हाइकं त्यांच्याकडे आली. ज्यांनी भरलं आणि ज्यांच्यासमोर एकही पब बंद झाला नाही, ते शेवटचे लोक. बँक खात्यांसाठी १८१६ चा क्लेटनचा नियम आहे, आधी आलेला पैसा आधी गेला असं धरायचं. तो इथे लावला, तरी खात्यात उरलेला पैसा शेवटी भरणाऱ्यांचाच निघतो. त्यांच्यात वाटप पबागणिक सारखं करू नये, भरलेल्या चार्जच्या प्रमाणात करावं. पौंडभर भरणारं खेड्यातलं बिअरहाउस आणि शंभर पौंड भरणारं शहरातलं हॉटेल यांना एकच चेक देणं हा हिशेबच नव्हे. आणि प्रत्येक पबच्या वाट्यात मालक आणि भाडेकरू यांचे हिस्से वजावटीच्या त्याच तक्त्याने पाडावेत. तक्ता तयारच आहे, नवा शोधायला नको.

महाराष्ट्रातल्या वाचकांना यात एक मूलभूत फरक जाणवेल. आपल्याकडे लायसन्सच्या मागे मालमत्तेची अशी कल्पना कायद्याने उभी राहू दिली नाही. दारूचा व्यापार हा मूलभूत हक्क नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९९४ च्या खोडे डिस्टिलरीज खटल्यात स्पष्ट केलं आहे. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ मध्ये अटींचा भंग झाल्याने लायसन्स रद्द झालं, तर ना भरपाई ना फीचा परतावा. दुसऱ्या कारणाने रद्द झालं, तर उरलेल्या मुदतीची फी आणि अनामत रक्कम, सरकारची येणी वजा करून, परत. तोही परतावा लायसन्सधारकाला, जागेच्या मालकाला नाही. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी झाली, किंवा १५ डिसेंबर २०१६ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने महामार्गालगतचे परमिट रूम बंद करावे लागले, तेव्हा चालू राहिलेल्यांकडून चार्ज घेऊन बंद पडलेल्यांना द्यावा, असा निधी कुठेच नव्हता. स्कॉटलंडनेही तोच रस्ता धरला होता. तिथे १९१३ च्या कायद्याने लोकांच्या मतदानावर पब बंद करता येत, पण भरपाईशिवाय. इंग्लंडचा १९०४ चा मार्ग अपवादात्मक होता. धंद्याची छाटणी धंद्यानेच पैसे देऊन करायची, आणि कुणालाही रिकाम्या हाताने घरी पाठवायचं नाही. मला त्या व्यवस्थेबद्दल आदर आहे, म्हणूनच तिचा शेवटचा हिशेबही तितक्याच काळजीने व्हावा असं वाटतं.

आता तुम्ही आणि वहिनींनी काय करावं ते सांगतो. पावत्या फेकू नका आणि लॅमिनेटही करू नका. तुमच्या काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये जा. तिथे क्वार्टर सेशन्सची कागदपत्रं आणि मॅजिस्ट्रेटांची लायसन्स रजिस्टरं असतात. त्यांत तुमच्या पबचं नाव आणि पाठोपाठचे लायसन्सधारक सापडण्याची शक्यता चांगली आहे. आसपासचे कुठले पब भरपाई देऊन बंद केले आणि कुणाला किती मिळालं, तेही क्वार्टर सेशन्सच्या कागदांत शोधा. तुमच्या पबच्या चार्जमधून कुठल्या शेजाऱ्याचं दार बंद झालं, ते त्यावरून कळेल. लंडनला क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये १९१० च्या कायद्याखाली केलेल्या जमीन मूल्यांकनाच्या फील्ड बुक आहेत. त्यांत त्या काळचा मालक कोण, पब कुणाच्या ताब्यात आणि कुठल्या कराराने, हे लिहिलेलं असतं. ब्रुअरी अजून अस्तित्वात असेल किंवा दुसरीत विलीन झाली असेल, तर तिच्या जुन्या भाड्याच्या खतावण्या कुठे ठेवल्यात ते विचारा.

भाडेवही किंवा खतावणी हाती लागली, तर ज्या वर्षाची पावती तुमच्याकडे आहे तेच पान उघडा आणि वजावटीचा आकडा पावतीवरच्या आकड्याशी ताडून पाहा. दोन्ही सारखे असतील, तर भरणारी ब्रुअरी. वजावट कमी असेल, तर मधला फरक तुमच्या पबच्या काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसाने भरला आहे. त्याचं नाव पावतीवरच आहे.